एमसीजीवर गोलपोस्टच्या मागची सीट: फूटीचा स्कोर कळायला हवा असेल तर हेच तिकीट घ्या

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आणि इथे मुलांकडे चार-सहा महिने येऊन राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. कशाचा, तर एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, फूटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची (एएफएल) मॅच बघताना गोलपोस्टच्या बरोब्बर मागे जनरल अ‍ॅडमिशनची जी सीट मिळते तिचा. आधीच सांगून टाकते, माझ्या मते या शहरात एवढ्या पैशात याच्यापेक्षा चांगली संध्याकाळ मिळत नाही, आणि ती मधल्या महागड्या सीटवरही मिळत नाही, गोलच्या मागेच मिळते. या खेळाचा सगळा जीव स्कोरिंगमध्ये आहे आणि स्कोरिंग नीट दिसतं ते तिथूनच.

आपल्याला एमसीजी माहीत असतं ते क्रिकेटमुळे. २०२० च्या बॉक्सिंग डे टेस्टला अजिंक्य रहाणेने ११२ काढले ते इथेच, २०२२ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधली भारत-पाकिस्तान मॅच कोहलीने काढली तीही इथेच. पण मार्च ते सप्टेंबर हे मैदान फूटीचं असतं, क्रिकेटची पिच अख्खी उचलून बाहेर नेतात आणि दोन्ही टोकांना चार-चार पांढरे खांब उभे राहतात. ऑफिसातलं कोणीतरी आग्रह करतं म्हणून आपले लोक एखादी मॅच बघायला जातात, मधल्या स्टँडमध्ये बसतात, छत्तीस माणसं एका लांबुळक्या बॉलमागे धावताना बघतात, स्क्रीनवर ९.१२ (६६) असं काहीतरी लिहिलेलं असतं ते कोणी धड समजावून सांगत नाही, आणि हाफटाइमला थंडी वाजतेय म्हणून सगळे घरी येतात. मग वर्षानुवर्षं "आम्हाला नाही बाबा ते फूटी झेपत" हे वाक्य. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांत समजणारी गोष्ट आहे आणि समजली की सीटवर टेकून बसवत नाही.

तर आधी ते आकडे. ९.१२ (६६) म्हणजे नऊ गोल, बारा बिहाइंड, एकूण सहासष्ट. गोलचे सहा पॉइंट, बिहाइंडचा एक. नऊ सक चोपन्न आणि बारा, सहासष्ट. बास. मधला टिंब हा दशांश नाही, पॉइंट फक्त शेवटच्या आकड्यात बघायचे आणि जिंकतो कोण तेही त्याच आकड्यावर ठरतं. पहिले दोन आकडे कशाला लिहितात मग, तर त्यातून टीम कशी खेळली ते दिसतं. ११.४ (७०) आणि ८.२२ (७०) या दोन्ही टीम बरोबरीत आहेत पण एकीने मिळालेले चान्स सोन्यासारखे वापरले आणि दुसरीने दुप्पट चान्स मिळवून मातीत घातले. इथले लोक सकाळी पेपरात मॅच न बघता नुसता हा आकडा वाचतात आणि आख्खी मॅच सांगतात.

आता खांब. दोन्ही टोकांना चार. मधले दोन उंच ते गोलपोस्ट, त्यांच्या बाहेर एकेक बुटका तो बिहाइंड पोस्ट. शेजारशेजारच्या दोन खांबांमध्ये ६.४ मीटर. आडवा बार नाही, जाळं नाही, गोलकीपर नाही. बॉल आपल्याच टीमच्या माणसाने पायाने मारला पाहिजे, तो दोन उंच खांबांच्या मधून गेला पाहिजे आणि वाटेत कोणाचा हात, अंग किंवा खांब लागला नाही पाहिजे, मग तो गोल. सरपटत गेला तरी चालतो, टप्पे खात गेला तरी चालतो, खांबाच्या वीस फूट वरून गेला तरी चालतो. यातलं काहीही एक हुकलं की सहाचा एक होतो. म्हणजे उंच आणि बुटक्या खांबाच्या मधून गेला, एक. मधून गेला पण वाटेत कोणाच्या बोटाचं टोक लागलं, एक. पायाऐवजी हाताने ठोसून घातला, एक. गोलपोस्टला लागला, एक, आणि इथे एक गंमत लक्षात ठेवा, पोस्टला लागून बॉल आत मैदानात परत आला तरी तिथेच खेळ थांबतो आणि एक पॉइंट मिळतो, सॉकरसारखा पुढे खेळत नाहीत. बॉल गोलपोस्टच्या बरोब्बर डोक्यावरून गेला तरी एकच. आणि बाहेरच्या बुटक्या खांबाला लागला तर काहीच नाही, तो बॉल बाहेर गेला असं धरतात.

हे सगळं मधल्या स्टँडमधून बघताना काय होतं, तर बॉल लांबून खांबांकडे जातो, गर्दी एकदम ओरडते किंवा एकदम "ओऽऽह" करते, आणि मग तुम्ही स्क्रीनकडे बघता. कोणत्या बाजूने गेला, लागला का नाही, काही कळत नाही. गोलच्या मागे बसलात की चारही खांब समोर असतात, त्यामुळे बॉल निघाल्यापासून त्याची लाइन दिसते आणि तुम्हाला निकाल स्क्रीनच्या आधी कळतो. या सीटचं मोल एवढ्यासाठीच आहे.

आणि यातलं सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे सेट शॉट. एखाद्याने किकवरून आलेला बॉल हवेतच पकडला, म्हणजे मार्क घेतला, की त्याला निवांत किक मारायला मिळते. गोलपासून पन्नास मीटरवर मैदानात एक वक्र रेष आखलेली असते, तिच्या आत मार्क मिळाला की स्टेडियमचा आवाज बदलतो. तीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. खेळाडू मोजे वर करतो, आठ-दहा पावलं मागे जातो, बॉल दोन्ही हातांत उभा धरतो आणि खांबांकडे बघत राहतो, म्हणजे तुमच्याचकडे बघत राहतो. तुमच्या आजूबाजूला समोरच्या टीमचे लोक असतील तर ते हात हलवून, ओरडून त्याचं लक्ष उडवायला बघतात. मग तो चालत सुरुवात करतो, शेवटची तीन-चार पावलं पळतो, बॉल हातातून सोडतो आणि पायावर घेतो. त्याचा तो "ठप्प" आवाज तुमच्यापर्यंत येईस्तोवर बॉल निघालेला असतो. चांगली मारलेली किक उलट्या बाजूला गोल गोल फिरत येते, डोकं शेपूट डोकं शेपूट, आणि अशी फिरणारी किक सहसा सरळ जाते. पायावर जराशी तिरकी पडली की बॉल हवेत डुगडुगतो, आणि तो डुगडुगला की मागे बसलेल्या सगळ्यांना तेव्हाच कळतं की हा आता उजवीकडे सरकणार. बाउंड्रीच्या कडेवरून मारतात तेव्हा तर अजून भारी, तुम्हाला समोरून चारही खांब दिसतात पण त्याला तिरक्या कोनातून मधली फट अगदी चिंचोळी दिसत असते, म्हणून तो मुद्दाम बॉल असा कापतो की आधी पार बाहेर चाललाय असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी वळून आत येतो. हे वळण टीव्हीवर दिसतं पण असं नाही दिसत.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे गोल अंपायर. दोन्ही टोकांना एकेक असतो आणि खांबांच्या मधल्या रेषेवर उभा असतो. बॉल हवेत असतानाच त्याचं काम सुरू झालेलं असतं, तो बॉलकडे मान वर करून बघत भराभर बाजूला सरकतो आणि बॉल जिथून रेष ओलांडणार त्याच्या खाली जाऊन थांबतो, बॉल खांबाजवळून जाणार असेल तर खांबाला खेटून उभा राहून सरळ वर बघतो. मग लगेच काही सांगत नाही. मैदानातला अंपायर आधी सगळं ठीक आहे असा इशारा देतो, त्यानंतर हा कमरेजवळ दोन्ही हातांची तर्जनी पुढे करतो, गोल. एकच बोट केलं तर बिहाइंड. त्यानंतर झेंडे, गोलला दोन, बिहाइंडला एक, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाचा अंपायरही झेंडे हलवून मिळालं म्हणून सांगतो, आणि दोघंही आपापल्या कार्डावर नोंद करतात. एवढे मोठे स्क्रीन, एवढे कॅमेरे, तरी स्कोर या दोघांच्या नोंदीचा. २०१२ च्या ग्रँड फायनलला, म्हणजे सीझनच्या शेवटच्या कपच्या मॅचला, चेल्सी रॉफी यांनी हे काम केलं, ग्रँड फायनलमध्ये गोल अंपायर असलेल्या त्या पहिल्या बाई. आपल्या मुली बरोबर असतील तर त्यांना हे नक्की सांगा.

माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन गेले. आयुष्यभर पतसंस्थेत हिशेब लिहिलेली बाई, खेळातलं फारसं वेड नाही. पहिला क्वार्टर त्या नुसत्या गोल अंपायरकडेच बघत होत्या. "अगं, दोन बोटं केली की सहा आणि एक केलं की एक, असंच ना?" म्हटलं हो आई, एवढंच. मग त्यांनी स्क्रीनकडे बघणंच सोडलं, बोटं बघायच्या आणि तोंडाने बेरीज करायच्या, स्क्रीनवर आकडा बदलायच्या आत त्यांचा तयार. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हा माणूस आधीच खांबाखाली जाऊन उभा राहतो बघ, म्हणजे याला बॉल कुठे येणार ते पायावरूनच कळतं." एवढी फूटी बघितलेल्या माझ्या नवऱ्याच्या हे लक्षात आलं नव्हतं.

आता माझा खरा आवडता विषय, तो एक पॉइंट. नवीन माणसाला वाटतं की बिहाइंड म्हणजे हुकलेल्या गोलचं सांत्वन, त्याला काय किंमत. तसं अजिबात नाहीये. १८९७ मध्ये व्हीएफएल (एएफएलचं जुनं नाव) सुरू होईपर्यंत खरंच तसं होतं, बिहाइंड लिहून ठेवायचे पण मॅच फक्त गोलवर ठरायची. १८९७ पासून सहा आणि एक हा हिशेब आला आणि तो सव्वाशे वर्षं टिकलाय. मध्यंतरी प्री-सीझन स्पर्धेत पन्नास मीटरच्या बाहेरून मारलेल्या गोलला नऊ पॉइंट देऊन बघितले पण ते मेन सीझनला कधी आलं नाही, आणि बरंच झालं, सहा आणि एक यांच्यातला तोल इतका छान बसलाय की त्याला हात लावू नये.

२०२३ ची ग्रँड फायनल घ्या, याच मैदानावर, १,००,०२४ लोक. ब्रिस्बेनने तेरा गोल मारले, कॉलिंगवूडने बारा. आणि कॉलिंगवूड जिंकलं! १२.१८ (९०) विरुद्ध १३.८ (८६). एक गोल कमी मारून चार पॉइंटनी कप घेऊन गेले, नुसत्या बिहाइंडच्या जोरावर. किंवा १९६६, सेंट किल्डा १०.१४ (७४), कॉलिंगवूड १०.१३ (७३). गोल सारखेच, एका बिहाइंडचा फरक, शेवटच्या मिनिटांत बॅरी ब्रीनची वेडीवाकडी किक खांबांच्या कडेच्या फटीतून गेली आणि त्या एका पॉइंटवर कप आला. सेंट किल्डाने त्याच्या आधी कधी जिंकला नव्हता, नंतरही नाही जिंकला. त्या क्लबचे म्हातारे पाठीराखे अजून त्या पॉइंटबद्दल घरातलं बारसं झाल्यासारखं सांगतात.

त्यांच्याच नशिबी २०१० आलं. कॉलिंगवूड ९.१४ (६८), सेंट किल्डा १०.८ (६८). शेवटी लेनी हेझने गोलकडे लांब किक मारली, स्टीव्हन मिल्न बॉलच्या मागे धावत होता, बॉल त्याच्या पुढ्यात पडला आणि टप्पा पडून भलतीकडे वळला आणि बिहाइंडमध्ये गेला. तो बॉल लांबुळका असतो, त्याचा टप्पा कुठे वळेल हे कोणी सांगू शकत नाही. एक इंच इकडे पडला असता तर काय झालं असतं यावर इथे लोक अजून तासभर बोलतात. बरोबरी झाली, पुढच्या शनिवारी मॅच परत खेळवली आणि त्यात कॉलिंगवूड ५६ पॉइंटनी जिंकलं. ग्रँड फायनल अशी बरोबरीत सुटण्याची तीच वेळ नव्हती, १९४८ ला आणि १९७७ लाही झालं होतं. १९४८ चा एसेंडनचा स्कोर ऐका, ७.२७ (६९). सात गोल आणि सत्तावीस बिहाइंड! समोर मेलबर्न १०.९ (६९). पुढच्या मॅचला अर्थातच मेलबर्नने कप नेला. आता असं परत खेळवत नाहीत, ग्रँड फायनल बरोबरीत सुटली तर एक्स्ट्रा टाइम असतो.

आणि हा एक पॉइंट डिफेंडर स्वतःहूनही देतात, हे कळलं की खेळ एकदम वेगळा दिसायला लागतो. गोल झाला की बॉल मैदानाच्या मध्यावर जातो आणि दोघांना सारखा चान्स मिळतो. बिहाइंड झाला की बॉल डिफेन्सच्या टीमला मिळतो, ते गोलच्या समोरच्या चौकोनातून किक मारून खेळ सुरू करतात. म्हणजे अंगावर चार जण आलेत, सहा जाणार असं दिसतंय, तर डिफेंडर बॉल स्वतःच रेषेपलीकडे ढकलतो, एक पॉइंट देतो आणि बॉल आपल्या ताब्यात घेतो. स्वस्तातला सौदा. २००८ च्या फायनलमध्ये हॉथॉर्नने हे अकरा वेळा केलं. समोर जीलाँग, त्या सीझनच्या बावीस मॅचमध्ये एकच हरलेली टीम. फायनलचा स्कोर हॉथॉर्न १८.७ (११५), जीलाँग ११.२३ (८९). मोजून बघा, जीलाँगला स्कोर मिळाला चौतीस वेळा, हॉथॉर्नला पंचवीस वेळा, आणि तरी हॉथॉर्न २६ पॉइंटनी जिंकलं. त्याच्यानंतर लगेच २००९ मध्ये नियम आला की कोणी अंगावर नसताना मुद्दाम असा पॉइंट दिलात तर समोरच्याला अगदी गोलच्या तोंडाशी फ्री किक. त्यामुळे आता डिफेंडरला त्या अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं की माझ्यावर खरंच प्रेशर आहे का, आणि अंपायरला ते पटेल का. हे सगळं गोलच्या मागच्या सीटवरून तुमच्या डोळ्यांसमोर घडतं, डिफेंडर रेषेकडे मागे मागे येत असतो तेव्हा त्याची पाठ तुमच्याकडे असते आणि त्याला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसत असतं.

शेवटच्या क्वार्टरसाठी अजून एक हिशेब डोक्यात ठेवा. सहाने मागे असाल तर एक गोल मारून बरोबरी होते, सातने मागे असाल तर एक गोल पुरत नाही. म्हणजे सहा पॉइंटनी पुढे असलेल्या टीमने शेवटी साधा एक बिहाइंड मारला तरी समोरच्याचं सगळं गणित फिरतं, आता त्यांना दोनदा स्कोर करावा लागणार आणि घड्याळ तर चाललंय. तसंच बाराचं तेरा झालं की. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत हुकलेल्या किकवर सुद्धा अर्धं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं, बाहेरून आलेल्याला वाटतं यांना काय झालं, गोल तर गेला नाही. सासूबाईंनी त्या दिवशी हे न सांगता ओळखलं. पिवळे-काळे, म्हणजे रिचमंडवाले, सहाने पुढे होते आणि त्यांच्या माणसाला लांबून किक मिळाली तर म्हणाल्या, "आता एक मारला तरी पुष्कळ झालं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

आता वादाचं पण सांगायला हवं. स्कोरिंग इतकं बारीक आहे की चुका होतात आणि त्या महाग पडतात. २००९ च्या फायनलमध्ये जीलाँगच्या टॉम हॉकिन्सची किक पोस्टला लागली होती तरी गोल दिला गेला, शेवटी फरक बारा पॉइंटचा होता. अशा प्रसंगांनंतर २०१२ पासून व्हिडिओ रिव्ह्यू आला, आता त्यासाठी डॉकलंड्सला वेगळं सेंटर आहे जिथे कॅमेऱ्यांवरून तपासतात. आपल्याला क्रिकेटमधला अंपायर्स कॉल माहीत आहेच, इथेही व्हिडिओत स्पष्ट दिसलं नाही तर गोल अंपायरचा निर्णय कायम राहतो. तरीसुद्धा २०२३ मध्ये अ‍ॅडलेडला सिडनीविरुद्ध शेवटच्या मिनिटांत मारलेला गोल पोस्टला लागला असं ठरवून एकच पॉइंट दिला गेला, रिव्ह्यू घेतलाच नाही, अ‍ॅडलेड एका पॉइंटने हरलं आणि नंतर लीगने चूक कबूल केली. माझं स्पष्ट मत आहे की पोस्टचा निर्णय प्रत्येक वेळी तपासलाच पाहिजे, मग वीस सेकंद गेले तरी चालतील. सहाचा एक करताय तुम्ही, थोडाथोडका फरक नाही.

पॉइंट टेबलचं थोडक्यात. मॅच जिंकली की चार, बरोबरी झाली की दोन. आणि समान असतील तर पर्सेंटेज बघतात, म्हणजे आपण केलेले एकूण पॉइंट भागिले आपल्यावर झालेले, गुणिले शंभर. आयपीएलमधल्या नेट रन रेटचं जे काम तेच. म्हणून हरत असलेली टीमसुद्धा शेवटपर्यंत गोल वाचवत राहते, ऑगस्टमध्ये टेबल ठरायच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

बरं, सीटबद्दल प्रॅक्टिकल. एमसीजीच्या मॅचचं बुकिंग टिकेटेकवर असतं. जनरल अ‍ॅडमिशनला सीट नंबर नसतो, त्या भागात जी रिकामी असेल ती तुमची, त्यामुळे चौघं जण असाल तर मॅचच्या तासभर आधी पोचा, मोठी मॅच असेल तर अजून आधी. मोठ्यांचं तिकीट मधल्या रिझर्व्ह सीटपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडतं, मुलांचं त्याहून स्वस्त. दर क्वार्टरला टीम बाजू बदलतात, म्हणजे कुठल्याही टोकाला बसलात तरी दोन्ही टीम तुमच्या दिशेने दोन-दोन क्वार्टर खेळतात, फुकट जात नाही. कमी पडणारी गोष्ट एकच, खेळ दुसऱ्या टोकाला गेला की तो जवळजवळ १६० मीटर लांब असतो आणि मग समोरच्या मोठ्या स्क्रीनवरच बघावं लागतं. ज्यांना धावपळ, टॅकल आणि मधल्या मैदानातली चाल बघायची आहे त्यांनी मधे बसावं, त्यांना ती सीट बरी. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी स्कोर समजून घ्यावा असं माझं ठाम म्हणणं आहे.

ट्रेनने जा, गाडी नेऊ नका. रिचमंड किंवा जोलिमाँट स्टेशनवर उतरलं की चालत पाच-दहा मिनिटं. टारनीट, ट्रुगनिना साइडचे असाल तर सदर्न क्रॉसवरून फ्लिंडर्स स्ट्रीटला या आणि तिथून नदीकाठाने बिरारंग मारमधून विल्यम बॅरॅक पुलावरून चालत जा, मॅचच्या दिवशी सगळी गर्दी तशीच जाते, क्लबचे स्कार्फ घातलेली आजी-नातवंडं, सगळं बघत बघत पोचता, मुलांना फार आवडतं. खायला घरून नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि कॅन नको, बाकी पराठे, शेंगदाणा चटणी, थर्मास सगळं चालतं. व्हेज लोकांना आत गरम चिप्स मिळतातच पण आमचं मत म्हणाल तर जूनच्या रात्री थेपले आणि चहाला तोड नाही. थंडीचे कपडे भरपूर, वरच्या मजल्यावर वारा लागतो आणि तिसऱ्या क्वार्टरला पाय गारठतात, ज्येष्ठ मंडळींना एक शाल जास्तीची घ्या. जिने चढायचे असतात, गुडघ्यांचा त्रास असेल तर लिफ्ट आणि जवळची रांग कुठे आहे ते गेटवर विचारा, मदत करतात.

वाक्यावाक्याला शिव्या ऐकू येतील का असं मला काही जणींनी विचारलं. चीअर स्क्वाडच्या, म्हणजे क्लबच्या कट्टर पाठीराख्यांच्या गटाच्या, जवळ आवाज प्रचंड असतो, झिरमिळ्यांचे मोठे झुबके हलवतात, भावना तापलेल्या असतात. पण दोन्ही टीमचे लोक एकाच रांगेत शेजारी-शेजारी बसतात, वेगळं कुंपण नसतं, आणि तुम्ही नवीन आहात असं सांगितलं तर शेजारचा अनोळखी माणूस पूर्ण मॅच तुम्हाला समजावून सांगतो, हा माझा अनुभव आहे आणि तो दरवेळचा आहे.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी पाच. पहिली मॅच निवडताना शनिवार किंवा रविवार दुपारची घ्या, रात्रीची नको, उजेडात बॉलची लाइन छान दिसते आणि लाल शेरिन बॉल वापरतात तो डोळ्यांना बरा पडतो, रात्री पिवळा असतो. बुकिंगच्या नकाशात सिटी एंड किंवा पंट रोड एंड असं बघा, दोन्ही गोलच्या मागच्या बाजू आहेत. जनरल अ‍ॅडमिशन कुठल्या मजल्यावर आहे ते मॅचगणिक बदलतं. लहान मुलं नसतील आणि जोश हवा असेल तर खाली चीअर स्क्वाडच्या शेजारी, पण स्कोर शिकायला जात असाल तर वरचा मजला घ्या, तिथून चारही खांब एका नजरेत येतात.